मुगावर वाढवलेले मोर

मी एक जुना फ्रीज आहे. कमरेएवढ्या उंचीचा, एका दाराचा, आणि त्या दाराच्या मधोमध एक चौकोनी काच बसवलेला. फ्रीजच्या दाराला खिडकी कशाला, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, तीच तर माझी कथा आहे. माझा जन्म गारवा देण्यासाठी झाला, पण आयुष्यात लक्षात राहील असं जे काही मी केलं, ते ऊब देऊन केलं. त्याचंही शेवटी चांगलं झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गोष्ट गोड होईल म्हणून कोणी वाट पाहत बसायला नको.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. जहाजातला अंधार आठवतो आणि दुबईच्या दुकानातला डोळे दिपवणारा उजेड आठवतो. तिथून मुरलीधर नावाच्या इंजिनिअरने मला उचललं. हा मूळचा पुण्याचा, मोठमोठ्या इमारतींना एसी बसवणाऱ्या एका कंपनीत कामाला. त्यांचा एक टॉवर उभा राहत होता आणि त्याच्या पायथ्याशी त्यांची पत्र्याची केबिन होती. त्या केबिनमध्ये, मुरलीधरच्या टेबलाशेजारी माझी नेमणूक झाली. पाण्याच्या बाटल्या, लबानची म्हणजे ताकाची पाकिटं आणि वीणावहिनींनी दिलेला डबा, एवढा माझा संसार. बाहेर ऊन असं की लोखंडाला हात लावला तर फोड यावा. माणसं घामाने निथळत आत यायची आणि "यल्ला, ठंडा पानी!" म्हणत थेट माझं दार उघडायची. मुरलीधर पाहुण्यांना हसून सांगायचा, "या साइटवर सगळ्यात महत्त्वाचं मशीन हेच आहे." माझी छाती फुगायची. फ्रीजला छाती नसते, पण तुम्हाला कळलं असेल.

मग दोन हजार आठ साल सरत आलं. दूर कुठे अमेरिकेत बँका बुडाल्या म्हणे, आणि आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या. आधी शेजारच्या साइटवरची माणसं कमी झाली. आमच्या केबिनमध्ये चहा पिता पिता त्यांच्याबद्दल हळहळ व्हायची आणि ती संपली की हसणं-खिदळणं पुन्हा सुरू व्हायचं. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ते असं. नवीन वर्षाच्या सुरुवातीला आमचा टॉवरही अर्ध्यावर थांबला. त्याच आठवड्यात माझा कॉम्प्रेसर जळाला. टेबलं गेली, खुर्च्या गेल्या, मला मात्र कोणी फुकटसुद्धा घेईना. मुरलीधरने मला गाडीच्या डिकीत टाकलं. "राहू दे, याची सवय झालीय," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही दोघेही बेकार होतो.

घर शारजात, अल नहदाला, सहाव्या मजल्यावर होतं. घरात त्याची बायको वीणा आणि नऊ वर्षांची मुलगी अस्मी. वीणा एका भारतीय शाळेत हिंदी शिकवायची, अस्मी त्याच शाळेत होती. दोघी भल्या सकाळी बसने जायच्या आणि दुपार कलल्यावर यायच्या. मधला सगळा वेळ घरात मुरलीधर आणि मी. मुरलीधरचा व्हिसा कंपनीबरोबर गेला होता आणि तो आता बायकोच्या व्हिसावर राहत होता. तसा शिक्का त्याच्या पासपोर्टवर पडला त्या दिवशी त्याने तो पासपोर्ट कपाटात अगदी खाली, चादरींच्या घडीखाली ठेवला.

मित्रांनो, एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. त्या घरात मुरलीधरला कोणी टोचून बोललं नाही. वीणा तर चुकूनही नाही. पण हा माणूस आपणहून लहान होत गेला. आमटीत मीठ नसलं तरी मागायचा नाही. चहा पुन्हा हवा असला तरी म्हणायचा, "नको, झाला." ज्याने आयुष्यभर लोकांची घरं गार केली, तो बायको-मुलगी गेल्यावर घरातला एसी बंद करून घामात बसून राहायचा, का तर बिल वीणा भरते. घरी बसलेल्या माणसाला तोंड नसतं, असं त्याने कुणाला तरी फोनवर हसत हसत सांगितलं होतं. ते हसणं मला आवडलं नाही.

वीणाने देव पाण्यात घातले होते. घर तसं शाकाहारी, पण शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी मुरलीधरच्या हातचं ऑमलेट हा तिघांचाही लाडका कार्यक्रम होता. मार्चमध्ये एका शुक्रवारी वीणा आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मुरलीला नोकरी लागेपर्यंत या घरात अंडं शिजणार नाही." नवस बोलला गेला. अस्मीने तोंड वाकडं केलं. मुरलीधरने मान खाली घातली. आपल्यामुळे आणखी एक गोष्ट घरातून गेली, एवढंच त्याला ऐकू आलं असावं.

मे महिन्यात एका दुपारी लियाकत आला. हा कंपनीचा जुना ड्रायव्हर. आता गावाबाहेरच्या एका फार्मवर राखणीला होता. त्याच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली पाच मोठी, मळकट पांढरी अंडी होती.

"मुरली साहब, मालिक ने फार्म बेच दिया," तो म्हणाला. "मोरनी को पिंजरे में डालकर ले गए, ये पीछे रह गए. आमलेट बनाओ या बच्चे निकालो, आपकी मर्ज़ी. मुझसे तो फेंके नहीं गए."

मुरलीधरने टॉवेलवर हात ठेवला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर कामाची कळा दिसली. लियाकत जिन्याच्या पायऱ्या उतरतो न उतरतो तोच याने पेटी उघडली आणि पाना-पक्कड घेऊन तो माझ्यापुढे मांडी घालून बसला.

त्याने माझ्या जाळ्या काढल्या. आत एक बल्ब लावला, तापमान सांभाळणारं यंत्र लावलं, हवा फिरावी म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला आणि दमटपणासाठी पाण्याची वाटी ठेवली. दार कापून खिडकी केली. काचेसाठी वीणाने आपल्या लग्नाच्या फोटोची फ्रेम दिली. संध्याकाळी ती माझ्यापुढे उभी राहून हसत होती. "शिजणार नाही असं बोलले होते मी. उबणार नाही असं नव्हते बोलले!" मुरलीधरही हसला. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा, मित्रांनो. त्याने नाही ठेवलं.

पुढचे चार आठवडे त्या माणसाला नोकरीच लागली म्हणा. अंडी दिवसातून तीनदा हाताने फिरवावी लागतात, म्हणून एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल अशी पेन्सिलीची खूण. लांडोर हे सगळं चोचीने करते. हा बोटांनी करायचा, आणि त्याआधी साबणाने हात धुवायचा. मोबाइलचा दिवा लावून अंड्यांच्या आत बघायचा. पाचातलं एक वांझ निघालं. वीणा आईला फोनवर सांगायची, "मुरली ना? तो बिझी आहे." आणि तो खरंच बिझी असायचा. मी जन्मभर थंडी सांभाळली होती, आता पोटात बल्बची ऊब घेऊन बसलो होतो. मला ती आवडू लागली होती.

जूनच्या मध्यावर पिल्लं फुटली. एक कवचातच गेलं. तीन बाहेर आली, ओली, तपकिरी, मोर म्हणून ओळखू येणार नाहीत अशी. अस्मीने नावं ठेवली. पहिलं पिल्लू बाहेर पडताच धावत सुटलं, म्हणून त्याचं नाव यल्ला, म्हणजे ‘चला’. दुसरं मुरलीधरच्या तळहातावरून उतरेना, ते हबीबी, म्हणजे लाडकं. तिसरं कवच फोडून जे आडवं झालं ते संध्याकाळपर्यंत उठलंच नाही. "ही इज खलास," अस्मी म्हणाली, आणि ते उठून उभं राहिलं तरी नाव तेच राहिलं. त्या रात्री ते घर पोट दुखेपर्यंत हसलं.

मोराच्या पिल्लाला आपणहून दाणा टिपता येत नाही. सुरुवातीला आई चोचीत धरून भरवते. मुरलीधरने अंगठा आणि बोट जुळवून चोच केली. त्या चोचीने तो माझ्या तळाशी टकटक करायचा आणि तिच्यात धरलेला घास पिल्लं ओढून घ्यायची. पण घास कशाचा? भिजवून वाटलेल्या मुगाचा. कधी दहीभाताचा.

दुपारी कॉम्प्युटरवर वाचताना त्याला कळलं होतं की या पिल्लांना पहिल्या आठवड्यांत भरपूर प्रोटीनचा भारी खुराक लागतो, नुसत्या डाळ-भाताने भागत नाही. मोकळ्यावर ती किडे खातात. घरात वाढवायची तर टर्कीच्या पिल्लांचा खुराक आणावा, तो गोण्यांनी मिळतो. नाहीतर उकडलेलं अंडं कुस्करून घालावं. गोणी आणायची तर वीणाकडे पैसे मागावे लागणार. अंडं उकडायचं तर नवस मोडणार, आणि तोही कोणासाठी केलेला? त्याच्याचसाठी. सहाव्या मजल्यावर किडे कुठून यावेत? त्याने तेच पान पुन्हा वरपासून वाचलं.

अस्मी मागून वाचत होती. "बाबा, इट सेज बॉइल्ड एग."

"मुगात पण प्रोटीन असतं, बेटा."

"बट इट सेज एग."

"आईचा नवस आहे ना? तिला यातलं काही बोलू नकोस. उगाच तिच्या मनाला लागेल."

"ओके," अस्मी म्हणाली. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर त्याने एवढं ओझं ठेवलं आणि त्याला ते समजलंही नाही.

दुसऱ्या आठवड्यात हबीबीचे पाय वाकडे पडू लागले. बोटं मुठीसारखी आत वळली आणि ते पायांऐवजी ढोपरांवर चालू लागलं. वीणा शाळेतून आली की वाकून बघायची. "अरे, हे असं का करतंय?" ती विचारायची. "लहान आहे, अशक्त आहे," मुरलीधर म्हणायचा. "मूग खातायत ना नीट?" "खातायत." खोटं नव्हतं ते. खात होती. भरलेल्या पोटाने उपाशी मरत होती.

हबीबी एका सकाळी उठलं नाही. चार दिवसांनी यल्ला गेलं, जे सगळ्यांत आधी धावलं होतं. इमारतीमागच्या रिकाम्या वाळूत मुरलीधरने आणि अस्मीने त्यांना पुरलं. अस्मी रडली नाही. तिने फक्त बापाकडे पाहिलं, आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली. मला माझ्या काचेतून वाळू दिसत नव्हती, पण ते दोघे परत आले तेव्हाची त्यांची तोंडं दिसली. मला त्या वेळी मुरलीधरचा रागच आला, मित्रांनो. हातात पाना असताना जो कोणाच्या बापाला भ्यायचा नाही, त्याला एक वाक्य बोलता येऊ नये?

आता खलास उरलं. तेही एका कुशीवर पडून राहायला लागलं होतं, पण बोटाची चोच दिसली की मान उचलायचं.

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्यावर मुरलीधर खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात गेला आणि शर्टाच्या खिशात एक अंडं घालून आला. गॅसवर भांडं ठेवायचा त्याला धीर झाला नाही. चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत त्याने ते उकडलं. देव्हाऱ्याचा पडदा आधी ओढून घेतला, हेही मी पाहिलं. मोरीत उभं राहून त्याने अंडं सोललं, पिवळा बलक बोटावर कुस्करला आणि तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला. खलासने मान वर केली. चोच उघडली.

तेवढ्यात फोन वाजला.

त्याने डाव्या हाताने उचलला. फोन अबू धाबीहून होता. अल रीम आयलंडवर टॉवर उभे राहत होते, तिथल्या एसीच्या कामाला माणूस हवा होता, उद्या सकाळी मुलाखतीला याल का? मुरलीधर "येस सर, शुअर सर" म्हणत होता आणि त्याचं बोट हवेत तसंच होतं. फोन ठेवला. तो बोटाकडे बघत राहिला. नवस फळाला आला होता आणि नेमका याच क्षणी तो आपण मोडतो आहोत, असं त्याला वाटलं, आणि हे मी अंदाजाने सांगत नाही, कारण तो मोठ्याने बोलला. "फक्त उद्यापर्यंत," तो त्या पिल्लाला म्हणाला. "उद्या संध्याकाळी तुला पोटभर देतो. शपथ."

तो उठला आणि त्याने हात धुतला. उरलेलं अंडं कागदात गुंडाळून बाहेरच्या कचऱ्यात टाकलं. मग परत येऊन त्याने खलासला मूग भरवले. त्याने ते खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मुरलीधर पहाटेच इस्त्रीचा शर्ट घालून गेला. खलास दुपारपर्यंत होतं. बल्ब चालू होता, पंखा फिरत होता, पाण्याची वाटी भरलेली होती. मला जेवढं करता येत होतं तेवढं मी केलं. अस्मी शाळेतून आली, तिने दप्तर न काढताच दार उघडलं आणि हात आत घातला. तिने हाक मारली नाही. ज्या देशात टॅक्सीवाला, दुकानदार, शाळेचा चौकीदार सगळे दिवसभर खलास, खलास म्हणतात, तिथे त्या घरात पुढे कोणी तो शब्द उच्चारला नाही.

संध्याकाळी मुरलीधर जिन्यातूनच ओरडत आला, "मिळाली! वीणा, मिळाली!" वीणाने त्याला घट्ट धरलं आणि ती रडू लागली. मग अस्मीने काय झालं ते सांगितलं, आणि तो दाराशीच बुटांसकट खाली बसला. वीणाला वाटलं, आनंदात दुःख आलं म्हणून बसला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शुक्रवार उजाडला. वीणाने देवाला पेढे ठेवले आणि बकाल्यातून अंड्यांचा ट्रे आणला. नवस फिटला होता. "आज मी करते तुझं ऑमलेट," ती म्हणाली. तव्यावर तेल तापलं. तिने पहिलं अंडं फोडलं, आणि अस्मी टेबलावरून उठली.

"यू कुड हॅव गिव्हन देम धिस," ती बापाला म्हणाली. "वन एग, बाबा. जस्ट वन." आणि इतके दिवस न आलेलं रडू तिला आलं.

वीणाने गॅस बंद केला. "काय म्हणतेय ही?"

मुरलीधरने सांगितलं. सगळं सांगितलं. काय वाचलं होतं ते, किटली, फोन, हात धुतला ते. वीणा उलथनं हातात धरून ऐकत होती.

"अरे, मी आपल्या खाण्याचं बोलले होते," ती हळूच म्हणाली. "आपल्या जिभेचं. देवाला तेवढं कळत नाही का? तू म्हणाला असतास तर मी स्वतः उकडून दिलं असतं."

मुरलीधरने अस्मीपुढे पाण्याचा पेला सरकवला.

"बाल्कनीत उकडलं असतं, हवं तर. किंवा ती गोणी आणली असती. मी नाही म्हटलं असतं का? मी एवढी वाईट आहे का रे, की तुला माझ्याकडे एक अंडं मागता आलं नाही?"

"तू वाईट नाहीस," तो म्हणाला. "मी घरात बसून खात होतो, वीणा. आणखी काय मागू?"

तव्यावरचं अंडं अर्धं कच्चं, अर्धं शिजलेलं तसंच पडून होतं. ते कोणी खाल्लं नाही. वीणा खुर्चीवर बसली आणि बराच वेळ तिने उलथनं हातातून सोडलं नाही. तिला पिल्लांचं दुःख होतंच. पण आपल्याच माणसाने आपल्याला इतकं घाबरावं आणि आपल्याला ते कळूही नये, हे तिला जास्त लागलं होतं. ती चांगली बाई होती. त्यामुळे ते आणखी वाईट होतं.

मुरलीधर अबू धाबीला कामाला लागला. आठवडाभर तिथेच राहायचा, गुरुवारी रात्री घरी यायचा. एसी पुन्हा दिवसभर चालू लागला. फोनवर वीणा विचारायची, "जेवलास?" तो म्हणायचा, "हो." मग ती क्षणभर थांबून पुन्हा विचारायची, "खरंच जेवलास?" आणि मला कळायचं की आता या बाईला त्याच्या कुठल्याच "हो"चा भरवसा वाटत नाही. अस्मीने माझ्याकडे येणं सोडलं. पुढच्या वर्षी त्यांनी अबू धाबीत घर घेतलं तेव्हा मला इमारतीच्या नातुराने, म्हणजे रखवालदाराने, खाली नेऊन बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. मुरलीधर गाडीत बसण्याआधी परत आला. त्याने माझं दार उघडलं, अंड्यांवरून माझ्या तळाला लागलेली पेन्सिलीची खूण बोटाने पुसली आणि दार नीट लावून तो गेला.

मित्रांनो, मी लोखंड आणि प्लास्टिक, मला उपदेशाचा काय अधिकार? तरी सांगतो. घरी एखादा जीव आणाल, तर त्याचं अन्न काय ते आधी माहीत करून घ्या, आणि ते देता येणार नसेल तर त्याला आणू नका. त्याच्या भुकेवर आपला उपास लादू नका. आणि तुमच्या घरात कोणी काहीच मागेनासं झालं असेल, मीठसुद्धा नाही, तर ते माणूस समाधानी आहे असं समजून निजू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि त्याने "नको" म्हटलं तरी आणखी एकदा विचारा.